चुनखडीच्या उतारावरचं रान: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

कोरडा उतार, वर विरळ झाडी, पायाखाली पांढुरके खडे आणि खड्यांच्या फटींत जेमतेम माती. अशी जमीन सांभाळायची वेळ पहिल्यांदा आली की बहुतेक जण दोन बेत आखतात: खडे वेचून काढायचे आणि मातीतला चुना निकामी करायचा. दोन्ही बेत सोडून द्या, एवढी माझी पहिली विनंती. या जमिनीत चणचण असते ती पाण्याची आणि मातीच्या खोलीची. खडे काढले तर पाणी आणखी लवकर उडतं, आणि चुना तर खालचा खडकच पुरवत असतो, त्याला अंत नाही. म्हणून इथे कामाचा क्रम वेगळा आहे. आधी जमीन वाचायची, मग पाणी थोपवायचं, मग तिला मानवणारी झाडं लावायची.

पहिली पायरी: चालून पाहा

कुदळ घेऊन जाऊ नका. एक वही, दोन मीटरची सरळ पट्टी, अर्धी भरलेली पाण्याची बाटली आणि मोजपट्टी एवढं पुरे. पट्टीचं एक टोक वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, बाटली पट्टीवर आडवी ठेवून पट्टी समतल करा आणि दुसरं टोक जमिनीपासून किती सेंटिमीटर वर आहे ते मोजा. तो आकडा निम्मा केला की उताराची टक्केवारी मिळते. ३० सेंटिमीटर अंतर म्हणजे १५ टक्के उतार. वर, मध्ये आणि पायथ्याशी, अशा निदान पाच-सहा ठिकाणी मोजा.

उताराचं तोंड कुठे आहे तेही लिहून ठेवा. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेला उतार जास्त तापतो आणि लवकर कोरडा पडतो. दक्षिण गोलार्धात नेमकं उलट. एकाच टेकडीच्या दोन बाजूंना दोन वेगळी रानं दिसतात, त्याचं मोठं कारण हेच.

मग पाण्याच्या खुणा शोधा. पाऊस पडताना किंवा थांबल्याबरोबर गेलात तर सगळ्यात उत्तम. पाणी कुठून वाहतं, कुठे खड्यांत दिसेनासं होतं, पायथ्याला कुठे पाझर फुटतो? चुनखडीच्या खडकात भेगा आणि पोकळ्या असतात. पाणी त्यांतून झपाट्याने खाली जातं आणि वाटेत फारसं गाळलं जात नाही. वर सांडलेलं तेल, औषध किंवा मैला खालच्या झऱ्यात लवकर पोचतो तो यामुळेच. अशा उतारावर फवारणीची औषधं मिसळायची जागा आणि शौचाचा खड्डा कुठे असावा, हे झाडांच्याही आधी ठरवावं.

शेवटी आधीपासून उगवलेलं काय आहे ते पाहा. गोगलगाईंचे रिकामे शंख भरपूर दिसले तर ती चुन्याची चांगली खूण आहे, कारण शंख बांधायला त्यांना कॅल्शियम लागतं.

दुसरी पायरी: तीन खड्डे, नीट

तीन जागा निवडा: माथ्याजवळ, मधल्या उतारावर आणि पायथ्याशी. माती उतारावरून घरंगळत खाली साचते, त्यामुळे माथ्यावर वीतभर माती असेल तिथे पायथ्याला कमरेएवढी सापडू शकते. एकाच जागी खणून सगळ्या जमिनीबद्दल मत बनवणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

प्रत्येक जागी ३० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा करा. वरची एक भिंत कुदळीने न चोपता सुरीने साफ करा आणि बघा. चांगल्या जपलेल्या रानात वर पालापाचोळ्याचा थर, त्याखाली काळपट, रवाळ, बोटांत सहज मोडणारी माती आणि तिच्याखाली अचानक पांढरे खडे दिसतात. हा काळा थर पातळ असला तरी तोच या जमिनीचा जीव आहे. चिकणमातीचे कण आणि कुजलेला पाला यांना कॅल्शियम एकत्र बांधून ठेवतं, त्यामुळे तो रवा टिकाऊ होतो. अशा मातीला मृदाशास्त्रात 'रेंडझिना' म्हणतात. हा पोलंडच्या शेतकऱ्यांचा शब्द. नांगर खड्यांवर घासताना होणाऱ्या आवाजावरून तो आला असं मानतात. खड्ड्यात पहार मारून पाहा, तोच आवाज ऐकू येईल.

पहार खाली जाईनाशी झाली तर थांबून विचार करा. ती एखाद्या सुट्या दगडावर अडली आहे, मूळ खडकावर की चुन्याने सांधलेल्या कडक थरावर? वीतभर बाजूला तीन-चार ठिकाणी पहार मारा. सगळीकडे सारख्याच खोलीवर अडली तर खाली सलग थर आहे. कुठे अडते, कुठे खोल जाते असं झालं तर खाली भेगा आहेत, आणि झाडांच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी. अमेरिकेत टेक्सासमधल्या चुनखडीच्या पठारावर संशोधकांनी गुहांमध्ये उतरून छतातून आलेली मुळं तपासली आणि डीएनएवरून ती कोणत्या झाडांची हे ओळखलं. १९९९ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सदाहरित ओकची मुळं २५ मीटर खोलीपर्यंत सापडली. वर वीतभर माती आणि डोक्यावर हिरवागार ओक, हे कोडं तिथे उलगडतं. झाड मातीवर जगत नसतं, भेगेत साठलेल्या ओलाव्यावर जगत असतं.

तिसरी पायरी: आम्लाचे दोन थेंब

माती चुनखडीची आहे का, हे पाहायला १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि आम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल ओता, आम्लात पाणी कधीच नाही. घरगुती व्हिनेगरनेही काम भागतं, फक्त फेस मंद येतो. मातीवर थेंब टाकून कान जवळ न्या. नुसतं चुरचुरणं ऐकू आलं, दिसलं काही नाही, तर चुना २ टक्क्यांच्या आत. बुडबुडे दिसले तर साधारण २ ते १०. फेसाचा पातळ थर जमला तर १० ते २५. क्षणात दाट फेस उसळला तर त्याहून जास्त.

आता या चाचणीतला महत्त्वाचा भाग. थेंब खड्यांवर वेगळे टाका आणि खड्यांमधल्या बारीक मातीवर वेगळे टाका. खडे फसफसतात म्हणून माती चुन्याची आहे असं धरून चालू नका. शेकडो वर्षांच्या पावसाने बारीक मातीतला चुना धुऊन गेलेला असू शकतो, विशेषतः माथ्यावरच्या सपाट तुकड्यांत आणि पाला साचणाऱ्या खळग्यांत. तिथे खडा उसळतो आणि माती गप्प राहते. अशा जागी चुना न सोसणारी झाडंसुद्धा कोवळ्या वयात छान वाढताना दिसतात, आणि मूळ खाली खड्यांत पोचलं की अचानक पिवळी पडतात. म्हणून चाचणी ५, १५ आणि ३० सेंटिमीटर खोलीवर करा आणि फेस कुठल्या खोलीवर सुरू होतो ते लिहा. झाड निवडताना मी सर्वांत आधी हाच आकडा बघतो.

डोलोमाइट नावाचा मॅग्नेशियमयुक्त चुनखडक असेल तर फेस उशिरा येतो. खडा ठेचून भुकटीवर थेंब टाका, मग उठतो.

चौथी पायरी: पाण्याचा हिशेब

खड्ड्यातली सगळी माती २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. वर उरतात ते खडे, खाली पडते ती बारीक माती. ३० सेंटिमीटरच्या घन खड्ड्याचं आकारमान २७ लिटर. खुणा केलेल्या बादलीत ठरावीक पाणी घ्या, खडे थोडे थोडे त्यात सोडा आणि पातळी किती चढली ते मोजत जा. सगळे खडे मिळून ११ लिटर भरले तर खड्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्के.

याचा अर्थ असा. मध्यम पोताची, बिनखड्यांची माती एक मीटर खोलीत झाडाला उपयोगी पडेल असं सुमारे १५० मिलिमीटर पाणी धरते. तुमची माती ४० सेंटिमीटर खोल आहे, म्हणजे ६० मिलिमीटर. त्यातले ४० टक्के खडे वजा केले की उरतात ३६. कोरड्या हंगामात झाडं आणि ऊन मिळून रोज ४ मिलिमीटर पाणी खर्च करत असतील तर ही शिदोरी ९ दिवसांची. दहावा दिवस उजाडल्यावर रोप मरतं असं नाही, पण तिथून पुढे ते भेगांतल्या ओलाव्यावर किंवा तुमच्या पाण्यावर अवलंबून असतं. मऊ, सच्छिद्र चुनखडीचे खडे स्वतःही थोडं पाणी शोषतात, तेव्हा प्रत्यक्षात परिस्थिती हिशेबापेक्षा जरा बरी असू शकते. कडक, गुळगुळीत खडे असतील तर ती आशा ठेवू नका.

माती तपासायला पाठवताना

प्रयोगशाळा फक्त चाळलेली माती तपासते, म्हणून खड्यांचं प्रमाण तुम्हीच कळवा. नाहीतर अहवालातली अन्नद्रव्यं प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटतात. नमुना १५-२० ठिकाणांहून नागमोडी चालत घ्या, पायथ्याचा आणि माथ्याचा एकत्र करू नका. स्फुरद (फॉस्फरस) ओल्सेन नावाच्या पद्धतीने मोजायला सांगा. ब्रे नावाच्या दुसऱ्या पद्धतीतलं आम्ल चुन्याने निष्प्रभ होतं आणि आकडा खोटा कमी येतो. सामू (पीएच) ७.५ ते ८.४ च्या दरम्यान आला तर चुनखडीच्या जमिनीला ते साजेसंच आहे. ८.५ च्या वर गेला तर सोडियमचा संशय घ्या. तो प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उपायही वेगळे.

हे करू नका

गंधक टाकून सामू उतरवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी हमखास देईल. हिशेब करून बघा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये साधारण २,००० टन माती असते. तिच्यात फक्त १ टक्का चुना धरला तरी तो २० टन, आणि तो संपवायला सुमारे ६.४ टन गंधक लागेल. १५ टक्के चुना असेल तर ९६ टन. शिवाय खालचे खडे झिजून नवा चुना देत राहणारच. कुंडीत किंवा उंच वाफ्यात हे चालतं, उतारावर नाही.

जिप्सम सोडियमच्या जमिनीसाठी आहे, इथे त्याने सामू उतरत नाही. लाकडाची राख स्वतःच अल्कधर्मी असते, तीही नको. युरिया वर उघडा फेकला तर अशा मातीत त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. आणि पाला जाळू नका, झाडून नेऊ नका. वणव्याची भीती खरी आहे, म्हणून घराभोवती आणि वाटेच्या कडेला पट्टा साफ ठेवावा. पण सगळं रान झाडून काढलं तर पहिल्या जोराच्या पावसात तो काळा थर पायथ्याला जाऊन बसेल, आणि तो परत तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

खड्यांबद्दल पुन्हा सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. एका लहान तुकड्यातले वरचे खडे मी मोठ्या हौसेने वेचून काढले. पावसाच्या थेंबांनी उघड्या मातीवर पापडी धरली, पाणी जिरायचं थांबलं आणि त्या तुकड्यातून गढूळ ओघळ वाहू लागले. शेजारच्या खडेवाल्या पट्ट्यातून स्वच्छ पाणी झिरपत होतं. तेच खडे मला घमेल्याने परत पसरावे लागले.

पाचवी पायरी: पाणी थोपवणं

सुरुवात माथ्यापासून करा. वरचं पाणी न अडवता खाली बांध घातला तर पहिला मोठा पाऊस तो फोडतो.

समतल रेषा आखायला तीन काठ्यांची ए अक्षराच्या आकाराची चौकट आणि मधोमध लटकवलेला दगड पुरतो. आडव्या काठीवरची मधली खूण ठरवताना चौकट एकदा सुलट आणि एकदा पाय अदलून ठेवा. दोरीच्या दोन जागांच्या बरोबर मध्ये खरी खूण येते. त्या रेषेवर पडलेल्या फांद्या, वाळलेले ओंडके आणि मोठे दगड आडवे मांडा. ओंडका जमिनीला पूर्ण टेकला पाहिजे. खाली फट राहिली तर पाणी तिथूनच वेगाने घुसतं आणि माती कोरून नेतं.

झाडी असलेल्या उतारावर लांब सलग चर खणायला माझा विरोध आहे. चर खणताना जुन्या झाडांची वरवरची मुळं तुटतात, आणि अशा पातळ जमिनीत खायची मुळं तिथेच असतात. मोकळ्या जागेत अर्धचंद्राच्या आकाराचे खड्डे करा: दीड मीटर व्यास, खालच्या बाजूला वीतभर उंच मातीची कड, कडेवर दगडांची मांडणी. जादा पाणी दोन्ही टोकांकडून सुटलं पाहिजे. ओळींतले खड्डे एकाखाली एक न घेता एकाआड एक घ्या, म्हणजे वरच्याचं सुटलेलं पाणी खालच्यात पडतं. उतार ३०-३५ टक्क्यांच्या पुढे असेल तर खणूच नका, नुसती मांडणी करा. अशा ठिकाणी काम करताना एकाच्या खाली दुसऱ्याने उभं राहायचं नाही. सुटलेला गोटा हाक मारेपर्यंत थांबत नाही.

ओघळ पडलाच असेल तर त्यात गुडघ्याएवढे ठेंगणे दगडी बांध घाला. मधला भाग कडांपेक्षा खाली ठेवा आणि दोन्ही टोकं ओघळीच्या भिंतीत घुसवा.

सहावी पायरी: कोणती झाडं?

पहिलं उत्तर नेहमी एकच: तिथे किंवा शेजारच्या तशाच उतारावर जे आपोआप उगवतं ते. बी तिथूनच गोळा करा. त्यापलीकडे जायचं असेल तर तुमचं हवामान बघून ठरवा. कोरडी, उष्ण चुनखडी सोसणाऱ्यांत ऑलिव्ह, अंजीर, बदाम, डाळिंब, कॅरोब, सायप्रस, अलेप्पो पाइन, होम ओक येतात. थंड प्रदेशात यू, बॉक्सवुड, ज्युनिपर, हॉथॉर्न, फील्ड मेपल. झुडपांत लॅव्हेंडर, रोझमेरी, थाइम यांना अशी रुक्ष, निचऱ्याची जमीन मनापासून आवडते. सुपीक मातीत ती लुसलुशीत वाढतात खरी, पण लवकर ढासळतात.

टाळायची नावं: ऱ्होडोडेंड्रॉन, अझेलिया, कॅमेलिया, चहा, ब्लूबेरी, हीथरच्या बऱ्याच जाती, चेस्टनट. एखाद्याने 'माझ्याकडे जगलं' म्हटलं तर त्याच्या मातीत फेस कुठल्या खोलीवर येतो ते विचारा.

अशा जमिनीचं एक वैभव नवख्यांना माहीत नसतं. युरोपातली प्रसिद्ध काळी ट्रफल ही जमिनीखालची बुरशी फक्त चुनखडीच्या, निचऱ्याच्या मातीत, ओक, हेझल यांसारख्या झाडांच्या मुळांवर पोसते, आणि तिला सामू साधारण ७.५ ते ८.३ असा लागतो. ती वाढते तिथे झाडाभोवतीचं गवत मरून जमीन भाजल्यासारखी दिसते.

सातवी पायरी: लावणी

मोठं रोप घेऊ नका. वीत-दीड वीत उंचीचं, सरळ मुळाचं रोप तीन वर्षांत कमरेएवढ्या रोपाला मागे टाकतं, कारण त्याचं मूळ भेग शोधायला मोकळं असतं. पिशवीत गोल फिरलेली मुळं दिसली तर ते रोप परत करा. ओकसारख्या झाडांची बी थेट जागेवर टोकणं तर सर्वांत चांगलं, फक्त उंदीर-खारींपासून जाळीने राखावं लागतं.

लावणीची वेळ पावसाळ्याच्या तोंडावर, पण पहिल्या सरीला नाही. ओल २० ते ३० सेंटिमीटर खाली उतरली की मग. खड्डा खोलीपेक्षा रुंद घ्या आणि तळाशी पहारेने भेग मोकळी करा. काढलेली माती खड्यांसकट परत भरा. पूर्ण खड्डा शेणखताने भरला तर मुळं त्या मऊ गादीतच रेंगाळतात आणि पहिल्या कोरड्या हंगामात अडकतात. त्याच रानातली मूठभर काळी माती मुळांशी टाका; तिच्यातली बुरशी मुळांना स्फुरद मिळवून देते, आणि चुन्यात स्फुरद घट्ट बांधलेला असल्यामुळे ही मदत फार मोलाची.

वर पाल्याचा चार बोटं थर आणि त्यावर मुठीएवढे खडे. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी. चरणाऱ्या जनावरांसाठी कुंपण किंवा प्रत्येक रोपाला काटेरी फांद्यांचा वेढा, हे लावणीच्याच दिवशी.

पहिले दोन कोरडे हंगाम पाणी द्यावं लागेल. रोज तांब्याभर देण्यापेक्षा एकदम १० लिटर, अगदी हळूहळू मुरवून, आणि मग दोन-तीन आठवडे विश्रांती. शक्यतो साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. त्याच खडकातून उपसलेलं पाणी जड असतं आणि मुळांशी आणखी चुना आणून टाकतं.

पानं पिवळी पडली तर

कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. शेतकरी याला केवडा पडला म्हणतात (बुरशीमुळे येणारा केवडा रोग वेगळा). जुनी, खालची पानं पिवळी होत असतील तर लोहाला दोष देऊ नका, नत्र किंवा पाण्याकडे बघा.

लोह मातीत असतंच, पण चुन्यात ते विरघळत नाही. म्हणून मुळाशी हिराकस (फेरस सल्फेट) टाकणं वाया जातं, काही दिवसांत त्याचा गंज होतो. ०.५ टक्के हिराकसाची फवारणी थोडा काळ हिरवेपणा आणते. मुळाशीच द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूत धरलेलं लोह, घ्या. स्वस्त ईडीटीए प्रकार इतक्या सामूला टिकत नाही. आणि आधी पाणी कमी करून पाहा. सतत ओल्या, दाबलेल्या मातीत बायकार्बोनेट वाढतं आणि पिवळेपणा बळावतो. बऱ्याचदा मोकळी हवा मिळताच पुढची पालवी हिरवी येते. दर वर्षी औषध लागणारं झाड चुकीच्या जागी आहे. ते काढून तिथे दुसरं लावायला मन घट्ट करावं लागतं, पण करा.

पुढची नोंद

सुरुवातीचे तीन खड्डे बुजवताना प्रत्येकाशेजारी एक मोठा खुणेचा दगड ठेवा आणि काळ्या थराची जाडी सेंटिमीटरमध्ये वहीत लिहा. पावसाळ्यानंतर दर वर्षी बांधांमागे किती गाळ साचला ते मोजा, फुटलेली कड त्याच आठवड्यात दुरुस्त करा, कोणत्या रोपांनी कुठल्या महिन्यात मान टाकली ते टिपा. तीन वर्षांनी खुणेच्या दगडापासून हातभर अंतरावर नवा खड्डा घ्या, तेच थेंब टाका, तीच जाडी मोजा आणि जुन्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहा.